पाठीचा कणा एका बाजूला कललाय : तुमची पत्रं, माझी उत्तरं

मागच्या अंकात कंबरदुखीवर लिहिताना मी एका ओळीत स्कोलिओसिसचं, म्हणजे पाठीचा कणा बाजूला वाकण्याचं, नाव घेतलं आणि पुढे गेले, तर पत्रं आली ती सगळी त्या एका ओळीवरच. म्हणून या वेळी फक्त तेच. मी फिजिओथेरपिस्ट, गोव्यात फोंड्याला १७ वर्षं हेच काम करतेय. ऑपरेशन करणं किंवा औषध लिहून देणं माझ्याकडे नाही, तेव्हा हे वाचून डॉक्टरला काय विचारायचं ते ठरवा, एवढंच. नावं छापलेली नाहीत, गावं तेवढी ठेवलीत.

"माझी मुलगी १२ वर्षांची. गणेश चवथीसाठी परकर-पोलकं शिवायला दिलं तर शिंपीण म्हणाली, बाय, हिचा उजवा खांदा वर आहे आणि परकर एका बाजूनं खाली उतरतोय, मी दोनदा माप घेतलं. मग डॉक्टरकडे गेलो. एक्स-रेत २२ अंश निघाले. गोळी नाही, पट्टा नाही, चार महिन्यांनी या म्हणाले. सासूबाई म्हणतात दप्तराच्या ओझ्यानं झालं, आणि कोवळा माड दोरीनं बांधून सरळ करतात तसं आत्ताच काहीतरी करा. मला तर वाटतं आम्हाला टाळलं." – एक आई, डिचोली

ताई, आधी त्या शिंपिणीला एक नारळ देऊन या. खरंच सांगते, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मुलींचं पहिलं निदान शिंप्याकडेच झालेलं असतं, कारण १२ वर्षांची मुलगी आईसमोर कपडे बदलत नाही आणि आईला तिची उघडी पाठ शेवटची कधी दिसली ते आठवतही नसतं.

आता २२ अंश म्हणजे काय. एक्स-रेवर वाकलेल्या भागाच्या सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या तिरक्या मणक्यावरून रेघा मारून त्यांच्यातला कोन मोजतात, त्याला कॉब अँगल म्हणतात, जॉन कॉब नावाच्या अमेरिकन डॉक्टरनी १९४८ मध्ये ही पद्धत लिहिली आणि आजही तीच चालते. १० अंशांच्या खाली असेल तर स्कोलिओसिस म्हणतच नाहीत, थोडं इकडेतिकडे सगळ्यांचंच असतं. पण कोन हा अर्धाच भाग. कणा नुसता बाजूला वाकत नाही, तो वाकता वाकता स्वतःभोवती पिळतो पण, ओला टॉवेल पिळल्यासारखा, आणि बरगड्या मणक्यांनाच जोडलेल्या असल्यामुळे त्याही बरोबर फिरतात. म्हणून एका बाजूचा खवाटा बाहेर येतो. मुलगी वाकडी बसते म्हणून तो बाहेर आलेला नाही, आणि "सरळ बस गो" म्हणून ओरडल्यानं आत जाणारही नाही. ते ओरडणं आजपासून बंद करा.

दप्तराचं म्हणाल तर नाही. जड दप्तरानं पाठ दुखते, खांदे दुखतात, पण स्कोलिओसिस होत नाही. एका कुशीवर झोपल्यानं होत नाही, कडेवर घेतल्यानं होत नाही, तुम्ही गरोदरपणी काय खाल्लं त्यानंही नाही. १०० पैकी साधारण ८० जणांत कारण सापडतच नाही, घराण्यात असण्याचा संबंध मात्र असतो, तेव्हा मावशी-आत्याची पाठ आठवून बघा.

माडाच्या बाबतीत मात्र सासूबाई बरोबर आहेत, आणि गंमत म्हणजे हाडांच्या डॉक्टरांचं जगभर चालणारं चिन्ह तेच आहे, वाकडं रोप खुंट्याला दोरीनं बांधलेलं. आंद्री नावाच्या फ्रेंच डॉक्टरचं १७४१ सालचं चित्र ते. पण माड कधी बांधतात? कोवळा असताना, आणि वाकायला लागलाय हे दिसल्यावर. इथेच तुमच्या डॉक्टरचे चार महिने येतात.

बाक किती आहे यापेक्षा मुलगी अजून किती वाढायची आहे हा प्रश्न मोठा. एक्स-रेत कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेला हाडाची एक बारीक पांढरी पट्टी हळूहळू तयार होताना दिसते, तिच्यावरून ० ते ५ असा रिसर नंबर देतात, ० म्हणजे वाढ खूप बाकी, ५ म्हणजे संपली. १९८४ मध्ये अमेरिकेत लॉन्स्टीन आणि कार्लसन यांनी ७२७ मुलांचा अभ्यास छापला, त्यात २० ते २९ अंशांचा बाक आणि रिसर ० किंवा १ असलेल्या १०० पैकी ६८ जणांचा बाक पुढे वाढला, आणि तेवढाच बाक पण रिसर २ ते ४ असलेल्यांत फक्त २३ जणांचा. कोन तोच, नशीब वेगळं. मुलीची पाळी सुरू झालीय का हे पत्रात लिहिलेलं नाही, डॉक्टरनी विचारलं असेलच, लाजून चुकीचं सांगू नका, कारण मुली सगळ्यात भराभर वाढतात त्या पाळी येण्याच्या आधीच्या वर्षभरात, आणि पाळी आल्यावर साधारण दोन वर्षांत उंची थांबते.

म्हणजे डॉक्टरनी टाळलं नाही. २५ च्या खाली असेल तर ४ ते ६ महिन्यांनी परत बघणं हाच उपचार, आणि ५ अंश किंवा जास्त वाढला तरच वाढला म्हणायचं, कारण मोजणाऱ्याच्या हातातच तेवढा फरक पडतो. पण मला भीती दुसरीच वाटते. आपल्याकडे चवथ झाली की बघू, मग दिवाळी, मग सहामाही, मग जत्रा, आणि चार महिन्यांचे अकरा कधी होतात कळत नाही. मी पाहिलंय हे, २४ अंशांवर गेलेली मुलगी ४१ वर परत आली, मधे फक्त एक वर्ष आणि आठ सेंटिमीटर उंची. दाराच्या चौकटीवर पेन्सिलनं तिची उंची लिहायला लागा, दर महिन्याच्या एक तारखेला. उंची झपाट्यानं वाढायला लागली तर चार महिने पण थांबू नका, फोन करून लवकर जा.

आणि मधल्या काळात घरी एक करता येतं. मुलीला पाठ उघडी राहील असा गाऊन घालून, पाय जुळवून, गुडघे सरळ ठेवून, दोन्ही तळवे एकमेकांना लावून हळूहळू पुढे वाकायला सांगा, कण वेचायला वाकतात तसं. तुम्ही मागे स्टुलावर बसा म्हणजे तिची पाठ तुमच्या डोळ्यांच्या रेषेत येते. एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसते का बघा. फोनवर पाठीचा कल मोजायचं अ‍ॅप मिळतं, त्यात ७ अंशांच्या वर आकडा आला तर डॉक्टर. हा आकडा आणि एक्स-रेचा कोन वेगळा बरं का, घोटाळा करू नका. धाकटी बहीण असेल तर तिचं पण करा, मुलींचं १० आणि १२ व्या वर्षी, मुलग्यांचं १३-१४ ला.

पुढचा एक्स-रे त्याच ठिकाणी, उभं राहून, आणि पाठीकडून छातीकडे किरण जातील असा काढून घ्या. त्यामुळे छातीला किरण कमी लागतात, वाढत्या मुलीला वरचेवर एक्स-रे काढायचे तर हे मागायला लाजायचं कारण नाही.

"मी १४ वर्षांची आहे, ३१ अंश, रिसर १. मला १८ तास ब्रेस, म्हणजे तो प्लास्टिकचा कडक पट्टा, घालायला सांगितलाय. मॅम तुम्हाला खरं सांगते मी शाळेत जाऊन बाथरूममध्ये काढून बॅगेत ठेवते कारण बेंचवर बसलं की टक टक आवाज येतो आणि सगळे बघतात. आणि इथली गरमी तुम्हाला माहीतच आहे. आईला माहीत नाही. थोडा वेळ घातला तर चालेल ना?" – मडगाव

बाय, पत्र लिहिलंस ते बरं केलंस, आईला पण सांग, ओरडली तर दोन दिवस ओरडेल.

"थोडा वेळ" याचं उत्तर नशिबानं आकड्यात आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या २५ ठिकाणी तुझ्याच वयाच्या, तुझ्याएवढ्याच बाकाच्या मुलामुलींवर एक मोठा अभ्यास झाला, २०१३ ला छापला. ब्रेसच्या आत तापमान मोजणारी छोटी चीप बसवली होती, म्हणजे कोण किती तास घालतं ते आपोआप कळायचं, "घातला होता हो" म्हणून चालत नव्हतं. ब्रेस दिलेल्यांत १०० पैकी ७२ जणांचा बाक वाढ संपेपर्यंत ५० च्या खाली राहिला, न दिलेल्यांत ४८ जणांचा. आणि आता नीट वाच. जे दिवसाला ६ तासांपेक्षा कमी घालायचे त्यांना न घालणाऱ्यांपेक्षा काहीच जास्त फायदा झाला नाही, आणि जे सरासरी १३ तासांच्या आसपास किंवा वर घालायचे त्यांच्यात १०० पैकी ९० हून जास्त जणांचा बाक ५० च्या खाली राहिला. ब्रेसचा फायदा इतका उघड दिसायला लागला की तो अभ्यास मधेच थांबवला.

मग हिशेब कर. गोव्यातली शाळा सकाळची, पावणेआठला जायचं आणि दीड-दोनला घरी. दुपारी दोन ते दुसऱ्या दिवशी सकाळी सात म्हणजे १७ तास. आंघोळ आणि खेळायचा तासभर सोडला तरी १६ उरतात, शाळेत एक मिनिट न घालता! मुंबईच्या पोरींना हे जमत नाही, तुला जमतं. हे तुझ्या डॉक्टरला आणि ब्रेस करणाऱ्याला जसंच्या तसं सांग, बाथरूमची गोष्ट पण सांग, आणि शाळेची सूट मागून घे. ते नाही म्हणाले तर शाळेत पण घालायचा, कारण तुझी वाढ बाकी आहे, आणि कदाचित ते म्हणतील ठीक आहे पण मग घरी एक तासही सोडायचा नाही. चोरून काढण्यात वाईट हे आहे की पुढच्या एक्स-रेत बाक वाढलेला दिसला तर त्यांना वाटेल ब्रेस कमी पडला, आणि ते उगाच अजून घट्ट करतील.

गरमीचं मी हलकं घेत नाही. मे महिन्यात लाइट गेली की त्या प्लास्टिकच्या आत काय होतं ते मुली मला सांगतात. आतून शिवण नसलेली सुती बनियन घाल, नसेल तर उलटी करून घाल म्हणजे शिवण बाहेर राहते, ब्रेसपेक्षा चार बोटं लांब, आणि सुरकुती ओढून सरळ कर. दिवसातून दोनदा तीनदा बदल, घामट बनियनवर परत चढवू नकोस. पावडर, तेल, क्रीम आत काही नको, कातडी मऊ पडून सोलते. लाल डाग पडणारच, जिथे पॅड दाबतो तिथे पडायलाच हवेत, ते काढल्यावर अर्ध्या तासात गेले तर ठीक, राहिले किंवा कातडी फुटली तर ब्रेस दुरुस्त करायला न्यायचा. टक टक आवाजाला बेंचवर एक ओढणी घडी करून ठेव, माझ्या एका पेशंटनं काढलेली युक्ती.

काढलेल्या वेळात लोळायचं नाही. पोहणं, फुगडी, बॅडमिंटन, डान्स, सगळं चालतं. धावपटू उसेन बोल्टच्या पाठीत पण स्कोलिओसिस आहे, त्यानंच जाहीर सांगितलंय.

ब्रेस आधीचा बाक काढून टाकत नाही, हे पण तुला कुणीतरी सरळ सांगायला हवं. तो वाढायचा थांबवतो. वाकलेल्या मणक्यात आतली बाजू दाबली जाते, दाबलेलं हाड हळू वाढतं आणि मोकळी बाजू भराभर, म्हणून मणका पाचरीसारखा होतो आणि बाक अजून वाढतो, हे चक्र तुझी वाढ संपेपर्यंत चालू राहतं. ब्रेसचे पॅड तो दाब उलटवतात. तुझी वाढ संपली की सुटलीस.

"आमच्या ओळखीच्या एका हाडवैद्यानं मुलाचा (वय १३) बाक २१ बैठकांत बसवून देतो सांगितलंय. पैसे आधी भरायचे. एक योगवाले पण १०० टक्के बरा करतो म्हणतात. करावं का?" – वाळपई

नको. पी हळद आणि हो गोरी असलं काही या आजारात नाही. वाढत्या मुलाचे पिळलेले मणके बाहेरून झटका देऊन बसत नाहीत, आणि २१ बैठकांत जे महिने जातात ते परत मिळत नाहीत.

व्यायामाचं मात्र वेगळं, तो माझाच धंदा म्हणून खरं सांगते. जर्मनीत काथरिना श्रोथ नावाच्या बाईनं १९२१ पासून स्कोलिओसिससाठी खास व्यायाम बसवले, तिला स्वतःलाच होता. आरशासमोर उभं राहून दबलेल्या बाजूच्या बरगड्यांत श्वास भरायचा, पीळ उलट फिरवायचा, वगैरे. माणसामाणसाच्या बाकाप्रमाणे ते बदलतात, म्हणून सगळ्यांना एकच आसन शिकवणारा क्लास याला चालत नाही. लहान बाकात आणि ब्रेसबरोबर त्यांचा उपयोग होतो, ठेवण सुधारते. पण ३० अंश नुसत्या व्यायामानं शून्य करतो म्हणणारा खोटं बोलतोय, तो फिजिओथेरपिस्ट असला तरी. मुलग्याच्या बाबतीत अजून एक, मोठे बाक मुलींमध्ये फार जास्त असतात, तेव्हा मुलाला रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पाय लुळे वाटणं किंवा छातीचा बाक डावीकडे असं काही असेल तर डॉक्टर एमआरआय सांगतात, तो टाळू नका.

"मुलगी १५ वर्षांची, ५२ अंश. ऑपरेशन सांगितलंय. तिला काही दुखत नाही, नाटकात काम करते, मग पाठ चिरायची कशाला? लोक म्हणतात पाय जातात. खर्चाचा पण प्रश्न. रात्री झोप येत नाही." – एक बाप, काणकोण

भाऊ, दुखत नाही मग कशाला, हा प्रश्न बरोबर आहे आणि डॉक्टरला तो विचारलात तर त्यांनी चिडता कामा नये.

उत्तर असं, की आजसाठी ऑपरेशन नाहीये. वाढ संपताना बाक ३० च्या आत असेल तर तो बहुतेक जन्मभर तिथेच राहतो. ५० च्या वर गेलेला छातीचा बाक मोठेपणी पण वाढत राहतो, वर्षाला साधारण एक अंश. १५ व्या वर्षी ५२, तर पन्नाशीत किती ते तुम्हीच मोजा. ८० च्या पुढे बरगड्यांचा पिंजरा फुप्फुसाला दाबायला लागतो, चढ चढताना धाप. आणि तोपर्यंत कणा ताठरतो, वय वाढलेलं असतं, तेच ऑपरेशन जास्त अवघड होतं. दुसरी बाजूही सांगते, अमेरिकेत आयोवाला काहीच उपचार न झालेल्या लोकांना ५० वर्षं पाठपुरावा करून बघितलं, तर बहुतेकांनी नोकऱ्या केल्या, संसार केले, पाठदुखी इतरांपेक्षा थोडी जास्त होती एवढंच. म्हणजे ऑपरेशन नाही केलं तर मुलगी उद्या अंथरुणाला खिळेल असं कुणी म्हणत असेल तर ते पण खरं नाही. घाईनं नको, पण वर्षानुवर्षं टाळायचं पण नको.

ऑपरेशनमध्ये पालथं झोपवून पाठीच्या मधोमध छेद घेतात, वाकलेल्या भागातल्या मणक्यांत दोन्ही बाजूंनी स्क्रू बसवतात, त्यांना दोन धातूच्या सळ्या जोडून कणा हळूहळू फिरवून सरळ करतात. सळी म्हणजे खरं तर तात्पुरता खांब. खरं काम हाडाचं असतं, मधे हाडाचे बारीक तुकडे पसरतात आणि सहा महिने-वर्षभरात ते मणके जुळून एकच हाड होतं. सळ्या मग काढत नाहीत. टेक्सासच्या पॉल हॅरिंग्टननी पोलिओच्या मुलांसाठी पहिली सळी काढली, १९६२ मध्ये छापलं, तेव्हा मुलं महिनोन् महिने प्लास्टरमध्ये पडून असायची. आता दुसऱ्या दिवशी उभं करतात, आठवड्याच्या आत घरी, महिना-दीड महिन्यात शाळा. उंची लगेच थोडी वाढते, परकर आखूड होतात, हे ऐकून मुली हसतात.

पाय जाण्याची भीती. ऑपरेशन चालू असताना पूर्ण वेळ मेंदूपासून पायापर्यंत विजेचे बारीक संदेश जातायत का ते मशीनवर बघतात, संदेश कमी झाला की सर्जन थांबतो आणि सळी सैल करतो. तिच्यासारख्या एरवी धडधाकट मुलींत मज्जारज्जूला इजा होण्याचं प्रमाण १०० त एकापेक्षाही कमी आहे. शून्य नाही, आणि शून्य म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. तुम्ही हे चार प्रश्न कागदावर लिहून न्या: वर्षाला अशा किती मुलांची करता, ते मॉनिटरिंग आहे का, कुठल्या मणक्यापासून कुठल्यापर्यंत जोडणार, आणि इन्फेक्शन झालं तर काय. तिसरा नाटकवालीसाठी महत्त्वाचा, कारण जोडलेला भाग वाकत नाही, पण कमरेचे खालचे मणके मोकळे राहिले तर ती रंगमंचावर वाकून नमस्कार आरामात करेल.

खर्चाचं, गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेलच, तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत. पण कुठलं ऑपरेशन कुठल्या पॅकेजमध्ये आणि कुठल्या हॉस्पिटलात बसतं ते भरती व्हायच्या आधी लेखी विचारा, स्क्रू आणि सळ्यांचे पैसे त्यात धरलेत का हे वेगळं विचारा, तिथेच लोक अडकतात. बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) ऑर्थोपेडिक ओपीडीत दुसरं मत घ्यायला काणकोणाहून पहाटेची कदंबा बस पकडावी लागेल, पण घ्या. पहिल्या डॉक्टरला राग येईल म्हणून दुसरं मत न घेणारे बाप मी खूप पाहिलेत. आणि मुलीशी बोला, पत्रात तिला काय वाटतं ते एका ओळीत पण नाही.

"मी २४ वर्षांची, ३४ अंश, कधी वाढला नाही. लग्न ठरतंय. मुलं होतील ना? आणि सासरी सांगायचं का? आई म्हणते गप्प बस." – पेडणे

मुलं होतात, नॉर्मल डिलिव्हरी पण होते, गरोदरपणानं असा स्थिर झालेला बाक सहसा वाढत नाही. फक्त भूल देणाऱ्या डॉक्टरला आधीच सांगायचं, पाठीतून इंजेक्शन द्यायचं झालं तर त्यांना सोपं जातं. मूल झाल्यावर ते ९-१० वर्षांचं झालं की त्याची पाठ बघत राहायची, एवढंच.

माझ्या स्वतःच्या पाठीत २७ अंश आहेत. कॉलेजात प्रॅक्टिकलला एकमेकींना पुढे वाकवून बघत होतो आणि माझ्यामागे उभी असलेली मैत्रीण एकदम गप्प झाली, तसं कळलं. १९ व्या वर्षी, वाढ संपल्यावर. लहानपणी एका डॉक्टरनी बाबांना सांगितलं होतं पोरगी आळशी आहे, सरळ बसवा. असो. दोन मुलं झाली मला, आणि नवऱ्याला लग्नाआधीच सांगितलं होतं, कारण ब्लाउजच्या मागच्या गळ्यातून ते दिसायचंच. तुझ्या आईचं ऐकू नको असं मी कशी म्हणू, पण ज्याच्याशी लग्न करायचंय त्याला सांग, बाकी गावाला सांगायची गरज नाही.

"वय ६४. कंबर गेल्या काही वर्षांत डावीकडे झुकलीय. शुक्रवारच्या बाजारात थोडं चाललं की दोन्ही पाय जड होतात, कुणाच्या तरी गाड्यावर ओणवं टेकलं की बरं वाटतं. हे त्याच मुलींसारखं का?" – म्हापसा

नाव तेच, आजार वेगळा. तुमच्या वयात मणक्यांमधल्या गाद्या आणि सांधे एका बाजूनं जास्त झिजतात आणि कणा त्या बाजूला बसतो. ओणवं झाल्यावर बरं वाटणं ही खूण आहे, झिजेमुळे नसांची वाट अरुंद झालीय आणि वाकल्यावर ती जरा मोकळी होते. पट्टा बांधून बाक थांबत नाही या वयात. व्यायाम, दुखण्याची औषधं, कधी इंजेक्शन, आणि चालणंच बंद पडलं तर नसा मोकळ्या करायचं ऑपरेशन, हा क्रम. हाडांची घनता तपासून घ्या. आणि लघवी-संडासवरचा ताबा सुटला, बसायच्या जागी बधीर झालं किंवा पाऊल उचलेनासं झालं तर अपॉइंटमेंट नको, सरळ इमर्जन्सीत.

"मी शिवणकाम करते. वर्षातून एखाद-दुसरी मुलगी येते जिच्या पाठीचं माप दोन्हीकडे जमत नाही. मी गुपचूप एका बाजूला कापड वाढवून शिवून देते, आयांना वाईट वाटेल म्हणून. आता तुमचा मागचा लेख वाचून मनात आलं, सांगायला पाहिजे होतं का?" – साखळी

हो. पण मुलीसमोर नको, इतर गिऱ्हाइकांसमोर तर नकोच, आणि "वाकडी" हा शब्द नको. आईला कपडे न्यायला आली की बाजूला घ्या आणि नुसतं माप सांगा, की खांद्यापासून कमरेपर्यंत डावीकडे इतकं भरलं आणि उजवीकडे इतकं, मी दोनदा मोजलं, एकदा डॉक्टरला पाठ दाखवून घ्या. तारीख घालून कागदावर लिहून दिलंत तर अजून बरं, सहा महिन्यांनी तीच मुलगी दिवाळीचं पोलकं शिवायला आली की जुना आकडा हाताशी असेल. कापड मात्र वाढवून शिवायचं सोडू नका, ब्रेस घालणाऱ्या मुलींना तसा शिवलेला सैल कुर्ता लागतोच, आणि तसं शिवून देणाऱ्या फोंड्यात मला दोनच बायका माहीत आहेत.